बंधाऱ्यावरचे भाडेकरू

2021 च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लहान गावांमधून रातोरात भिंतींवर चित्रं दिसायला लागली. क्रोमर, ग्रेट यार्मथ, गोर्लस्टन, लोस्टॉफ्ट. कुठे बाकाच्या मागे, कुठे बसथांब्याच्या डोक्यावर, कुठे समुद्राच्या बंधाऱ्यावर. खाली नाव नाही, शेजारी फलक नाही. सकाळी कुत्र्याला फिरवायला निघालेल्या माणसाला ती प्रथम दिसली असणार, किंवा बससाठी थांबलेल्या बाईला. करोनाचा तो दुसरा उन्हाळा. परदेशी जायची कटकट नको म्हणून इंग्रज कुटुंबं पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर सुट्टीला आली होती. चित्रं ओळख लपवून भिंती रंगवणाऱ्या बँक्सीची की त्याची नक्कल करणाऱ्या कुणाची, यावर वाद रंगला. 13 ऑगस्टला बँक्सीनं इन्स्टाग्रामवर तीनेक मिनिटांची फिल्म टाकली, ‘अ ग्रेट ब्रिटिश स्प्रेकेशन’ नावाची, आणि वाद मिटला.

मला त्या फिल्मच्या आधीचा आठवडा महत्त्वाचा वाटतो. तेव्हा या चित्रांना किंमत नव्हती. बँक्सीचं नाव लागलं की चित्राकडे बघणाऱ्या डोळ्यांत आकडे दिसायला लागतात, भिंतीचा मालक खडबडून जागा होतो, पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे येतात. त्या आठवड्यात मात्र प्रश्न एवढाच होता की हे काय आहे, आणि इथेच का? रसग्रहणाला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही. यातला ‘इथेच का’ जास्त मोलाचा, कारण या मालिकेतलं जवळजवळ प्रत्येक चित्र अर्धंच रंगवलेलं आहे. उरलेलं अर्धं त्या जागी आधीपासून होतं, किंवा जागेनंच पुरवलं.

बँक्सीची पद्धत स्टेन्सिलची. पुठ्ठ्यात आकार आधीच कापून आणायचा, भिंतीवर धरायचा, रंगाचा फवारा मारायचा आणि निघायचं. हात भिंतीवर काही मिनिटंच फिरतो. म्हणजे विचार सगळा आधी झालेला असतो: कोणता बाक, त्यामागे किती भिंत, थांब्याचं छप्पर किती उंच. ही चित्रं घाईत काढलेली दिसतात, पण त्यांची पाहणी सावकाश झालेली आहे. जागा हेरण्यातच या चित्रकाराची खरी प्रतिभा, असं माझं मत आहे. त्याची रेषा चांगली आहे, पण रेषेचे त्याहून मोठे मानकरी जगात पुष्कळ सापडतील.

या मालिकेत मला सर्वांत वरचं वाटतं ते क्रोमरचं चित्र. क्रोमर हे नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्यावरचं सात-आठ हजार वस्तीचं गाव. तिथला पिअर 1901 मध्ये खुला झाला. त्यावर नाटकगृह आहे आणि अगदी टोकाला लाइफबोटीचं ठाणं. पण गावाचं नाव झालं ते खेकड्यामुळे. ‘क्रोमर क्रॅब’ म्हटलं की इंग्रज माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. तपकिरी, थोराड, रुंद पाठीचा खेकडा. त्याचं मांस काढून, नीट करून, त्याच्याच कवचात भरून विकतात. तेव्हा क्रोमरच्या भिंतीवर खेकडा काढणं यात नवल काही नाही, गावातली निम्मी दुकानं तेच करतात. बँक्सीनं खेकडाच काढला, पण दुसऱ्या जातीचा. हर्मिट क्रॅब. खाणावळीत ज्याला कुणी विचारत नाही असा, मेलेल्या गोगलगायीच्या शंखात बिऱ्हाड थाटणारा खेकडा.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान घराची गरज नसते. या खेकड्याची मात्र पाठच उघडी. पुढचा भाग, नांग्या, पाय टणक. मागचं पोट मऊ आणि वळलेलं, शंखाच्या वळणात बसेल असं. शंखाबाहेर तो म्हणजे कुठल्याही माशाचा घास. अंग वाढलं की जुना शंख अपुरा पडतो आणि मोठा शोधावा लागतो. चित्रात हेच उघडे खेकडे आहेत, शंखाविना, मऊ अंगं मिरवत. समोर शंख पडलेले आहेत, रिकामे. आणि एका खेकड्यानं पाटी धरली आहे: ‘लक्झरी रेंटल्स ओन्ली’. फक्त आलिशान भाड्याची घरं.

पुणेरी पाटीवर वाढलेल्या वाचकाला या तीन शब्दांची धार लगेच कळेल. पाटी कुणावर ओरडत नाही, कुणाला हाकलत नाही, नियम सांगते आणि गप्प बसते. समोरच्यानं आपली लायकी आपणच ओळखून निघून जायचं. या खेकड्याचा चेहराही (खेकड्याला असतो तेवढा) निर्विकार आहे. चित्रात खलनायक कुणी नाही. जास्त अंगावर येतं ते हेच: रिकामी जागा आहे, गरजू आहे, दोघांत हातभर अंतर आहे, आणि मध्ये एक सभ्य पाटी.

हर्मिट क्रॅबची आणखी एक गंमत आहे. किनाऱ्यावर एखादा मोठा रिकामा शंख आला की काही वेळा हे खेकडे आकारानं रांग लावतात. सगळ्यात मोठा नव्या शंखात शिरतो, त्याचा शंख दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा, आणि शेवटी सगळ्यात लहान, टाकाऊ शंख तेवढा उरतो. एक घर रिकामं झालं की अख्ख्या रांगेची सोय होते. आयव्हन चेज या समाजशास्त्रज्ञानं याचा अभ्यास केला तेव्हा त्यानं जी चौकट वापरली, ती माणसांच्या रिकाम्या होणाऱ्या जागांवरून आलेली होती. समाजशास्त्रातला विचार खेकड्यांकडे गेला; क्रोमरच्या भिंतीवर तो खेकड्यांकडून माणसांकडे परत आला. बँक्सीला हे ठाऊक असो वा नसो, निसर्गात रिकामा शंख रांग पुढे सरकवतो आणि चित्रात तीच रांग जागच्या जागी थांबली आहे. शंख भरलेले असते तर चित्र टंचाईचं झालं असतं. ते रिकामे आहेत म्हणून चित्र इतकं कडू आहे. हे खेकडे शंखासाठी भांडतातही, स्वतःचा शंख दुसऱ्याच्या शंखावर ठोकून ठोकून आतल्याला बेजार करतात. चित्रात कुणी ठोकत नाही. उघडे खेकडे समोर उभे आहेत, एवढंच.

नॉरफोकच्या किनाऱ्यावर हा विषय पुस्तकी नाही. शहरातल्या पैसेवाल्यांची सुट्टीची घरं वर्षातला बराच काळ कुलूपबंद असतात, आणि गावात वाढलेल्या मुलाला गावात घर परवडत नाही. चित्रानंतर दोन वर्षांनी, 2023 मध्ये, त्याच परगण्यातल्या बर्नहॅम मार्केट गावानं नवी घरं दुसरं घर म्हणून वापरायला देऊ नयेत या बाजूनं मतदान केलं. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजनं तसं 2016 मध्येच केलं होतं. म्हणजे हे खेकडे काही हवेतून आलेले नव्हते.

आता भिंतीकडे येऊ. हा काँक्रीटचा बंधारा आहे, समुद्राला अडवून धरणारा. क्रोमरच्या मागचे कडे वाळू-मातीचे, भुसभुशीत. याच किनाऱ्यावर आग्नेयेला हेझबरो नावाचं गाव आहे, तिथे कडा ढासळत गेला आणि त्याच्यासोबत एकेक करून घरंही गेली. (त्याच हेझबरोच्या किनाऱ्यावर 2013 मध्ये आठ लाख वर्षांहून जुने मानवी पावलांचे ठसे उघडे पडले होते. आफ्रिकेबाहेरचे सगळ्यांत जुने. भरतीनं ते पंधरा दिवसांत पुसून टाकले. अशा किनाऱ्यावर चित्र काढणाऱ्यानं टिकाऊपणाची फार चिंता करू नये हे बरं.) क्रोमरचा बंधारा आहे म्हणून वरची घरं आहेत. ती घरं वाचवणाऱ्या भिंतीवरच ‘घर कुणाला?’ असा प्रश्न येऊन बसला आहे. हेच चित्र लंडनच्या एखाद्या गल्लीत काढलं असतं तर ते एक बरं व्यंगचित्र ठरलं असतं. वर्तमानपत्रांतल्या बऱ्याच फोटोंमध्ये फक्त खेकडे कापून घेतले होते. मी आधी तेच पाहिले आणि हसून पान उलटलं. काँक्रीट, वाळू आणि वरचं गाव एका चौकटीत दिसलं तेव्हा कुठे चित्र पुरं झालं.

लोस्टॉफ्ट हे ब्रिटनचं सर्वांत पूर्वेचं गाव. एके काळी हेरिंग माशावर चाललेलं बंदर. आता तो धंदा जवळजवळ इतिहासजमा. तिथल्या एका घराच्या बाजूच्या भिंतीवर अवाढव्य सीगल पंख पसरून झेपावताना रंगवला होता. भिंतीपाशी राडारोडा टाकायची लोखंडी पेटी ठेवलेली, आणि त्यात इमारतीच्या इन्सुलेशनचे लांबट पिवळट तुकडे. त्या पेटीमुळे सगळं बदलतं. ती नसती तर भिंतीवर पक्षी आहे, छान आहे, एवढंच. पेटी आली की ती चिप्सचा खोका होते, तुकडे बटाट्याचे होतात, पक्षी चोर होतो, आणि शेजारून जाणारा माणूस एकदम फार लहान. ब्रिटिश किनाऱ्यावर चिप्स हातात धरून चालणाऱ्या प्रत्येकाला ही झडप ओळखीची आहे. हे झालं हसणं. पण त्या किनाऱ्यावर सीगल म्हणजे बहुधा हेरिंग गल, ज्याच्या नावातच तो मासा आहे. हेरिंगच्या बंदरात हेरिंग उरला नाही, म्हणून हेरिंग गल बटाट्यावर आला. हा पक्षी लोकांना उपद्रवी वाटतो, तरी ब्रिटनच्या पक्षिनोंदीत तो लाल यादीत आहे, घटत चाललेला. चित्रातला चोर परिस्थितीनं चोर झालेला आहे. बंदराच्या माणसांना हे सांगायला समीक्षक लागत नाही.

याच गावात, बंद पडलेल्या एका इलेक्ट्रिक वस्तूंच्या दुकानाच्या भिंतीवर एक मूल होतं, हातात पहार. समोरच्या फुटपाथवरच्या फरश्या खरोखरच उखडलेल्या, आणि खालची वाळू काढून रचलेला खराखुरा वाळूचा किल्ला. 1968 च्या पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी रस्त्याचे दगड उपटले तेव्हा खाली वाळू निघाली, आणि फरशीखाली समुद्रकिनारा आहे अशी घोषणा भिंतींवर उमटली. फरश्या वाळूच्या थरावर बसवतात, तेव्हा घोषणा तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होती. पॅरिसला समुद्र नाही, म्हणून तिथे ते स्वप्न होतं. लोस्टॉफ्टच्या मुलाला मात्र किनारा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरी ते फुटपाथ का फोडतंय? एक उत्तर असं की हाताशी असलेल्या समुद्राकडे मोठ्या माणसांनी पाठ फिरवली आहे, मूल आपल्या पायाखालूनच त्याला बाहेर काढतं आहे. दुसरं, मला जास्त पटणारं: या मुलाला क्रांतीबिंती काही करायची नाही. त्याला किल्ला करायचा आहे आणि वाळू इथे आहे. बालदी-फावड्याच्या जागी पहार आली, एवढ्या एका बदलावर सगळं चित्र उभं आहे. मुलांच्या खेळण्याला मोठ्यांचं हत्यार देणं ही बँक्सीची जुनी खोड आहे, पण इथे ती शोभली, कारण वाळू खरी होती आणि पाऊस पडला की किल्ला विरघळणार होता.

लोस्टॉफ्टच्याच ओल्टन ब्रॉड भागातल्या बागेतलं चित्र मात्र मला तेवढं भावलं नाही. पाण्याच्या ओहोळाकाठच्या भिंतीवर काही मुलं. पुढे भंगार पत्रा असा लावलेला की तो त्यांची होडी व्हावा. एक मूल होडीत शिरलेलं पाणी बालदीनं उपसतंय. इथे थांबायला हवं होतं. पण वर अक्षरंही आहेत: आपण सारे एकाच होडीत. महासाथीच्या काळात ब्रिटनमध्ये हे वाक्य इतकं घासलं गेलं होतं की उपरोधानं म्हटलं तरी गुळगुळीतच वाटतं. क्रोमरमध्येही शब्द आहेत, पण ते एका पात्राच्या हातात आहेत; ते खोटे, उर्मट, अपुरे असू शकतात आणि म्हणून जिवंत आहेत. इथे शब्द चित्रकाराचे आहेत, डोक्यावरून आलेले. पाणी उपसणारं मूल जे सांगत होतं तेच मास्तरांनी पुन्हा फळ्यावर लिहिलं. पुढे नगरपालिकेनं तो पत्राच उचलून नेला. होडी गेली आणि मुलं तशीच राहिली, न बुडता. चित्र त्या अवस्थेत जास्त बोलकं झालं असावं, असा मला दाट संशय आहे. लोस्टॉफ्टच्या किनाऱ्यावर आरामखुर्चीत पेय पीत पडलेला उंदीरही होता. बँक्सीचे उंदीर आता इतके झालेत की त्याबद्दल नवं काही बोलायचं उरलेलं नाही.

गोर्लस्टनला एका बाकाच्या वर, भिंतीवर, खेळघरातल्या यंत्राचा पंजा लटकतोय. पैसे टाका, पंजा खाली येतो, खेळणं उचलतो, आणि बहुतेक वेळा अर्ध्यात सोडतो. बाक रिकामा असताना हे चित्र पुरं होत नाही. कुणी तरी बसावं लागतं, आणि जो बसतो तो खेळणं होतो. समुद्राकडे बघत निवांत टेकलेली म्हातारी माणसं, वर उघडा पंजा. लोकांनी तिथे बसून भरपूर फोटो काढून घेतले, आणि ते बरोबरच केलं. आडबाजूच्या गावांकडे वरून बघणारी, मनात आलं तर उचलणारी, नाही तर सोडून देणारी अशी एक सत्ता असते, हे त्यातल्या काहींना सुचलं असेल, काहींना नसेल. चित्राला दोन्ही चालतं.

त्याच परिसरात आणखी एक चित्र होतं: हवा भरलेल्या रबरी होडीवरून मुलं हवेत उडालेली. 2018 मध्ये गोर्लस्टनच्या किनाऱ्यावर हवा भरलेला ट्रॅम्पोलीन फुटून एक लहान मुलगी दगावली होती. पालिकेनं चित्र झाकून टाकलं. त्यावर कलेच्या गळचेपीची ओरड करण्याचं कारण मला दिसत नाही. जागेला अर्ध्या चित्राची मालकी दिली, तर जागेची आठवणही त्यात येणारच. बाहेरून आलेल्या माणसाला भिंत दिसते, भिंतीला काय आठवतं ते दिसत नाही, मग त्याची नजर कितीही तयार असो. याआधी 2014 मध्ये क्लॅक्टनच्या पालिकेनं बँक्सीची कबुतरं पुसली होती. त्यांच्या हातात परक्या पक्ष्यांविरुद्ध फलक होते, आणि उपरोध न कळल्यानं चित्रच वंशद्वेषी म्हणून खोडलं गेलं. ती चूक वाचनाची होती. गोर्लस्टनला पालिकेनं चित्र चित्रकारापेक्षा नीट वाचलं.

ग्रेट यार्मथच्या बसथांब्यावर एक जोडपं नाचतंय आणि शेजारी अकॉर्डियनवाला. आकृत्या मागच्या भिंतीवर आहेत, पण पाय बरोबर थांब्याच्या छपराला टेकतात. यार्मथनं सुट्टीचे सोन्याचे दिवस पाहिले आहेत. 1903 चं हिपोड्रोम तिथे अजून उभं आहे, ज्याच्या सर्कशीचं रिंगण खाली जाऊन त्यात पाण्याचं तळं होतं. पुढे विमानं स्वस्त झाली, सुट्टीचा इंग्रज स्पेनला जाऊ लागला. नाचणारं जोडपं त्या आधीच्या काळातलं वाटतं. चित्र गोड आहे, थोडं जास्तच. त्याला वाचवते ती थांब्याची रचना: नाच बघायचा तर रस्त्यापलीकडे जावं लागतं, आणि पलीकडे गेलं तर बस चुकते.

नाव कळल्यावर जे व्हायचं ते झालं. पहारवालं मूल त्याच वर्षी नोव्हेंबरात भिंतीसकट काढून नेलं गेलं. 2023 मध्ये सीगलची भिंतही कापली. घरमालकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. साध्या घराच्या भिंतीवर रात्रीत कोट्यवधींची वस्तू येऊन बसली की राखण, गर्दी, दुरुस्ती हे सगळं त्यांच्याच गळ्यात पडतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. पण विकत घेणाऱ्याला पक्षी मिळेल. बंदर, हेरिंगचा इतिहास आणि हातातले चिप्स सांभाळत जाणारा माणूस त्या व्यवहारात येत नाही. यार्मथच्या मेरिव्हेल मॉडेल व्हिलेजमध्ये, बाहुल्यांच्या त्या गावात, बँक्सीनं एक इवलासा तबेला ठेवून दिला होता. तो जानेवारी 2022 मध्ये लिलावात दहा लाख पौंडांना गेला. त्याचं मला वाईट वाटत नाही. तो उचलून नेण्याजोगाच होता, हातात मावणारा.

क्रोमरच्या खेकड्यांना मात्र असं कुणी उचलणं अवघड आहे. ती भिंत कापायची तर घरमालकाची सही पुरणार नाही, समुद्रालाही विचारावं लागेल.